काळ्या नदीतला हिरवा दगड

१

तपासनीस बाई होडीतून उतरल्या तेव्हा त्यांना हवा होता कपभर चहा आणि पाठ टेकायला एक खुर्ची. मिळाली ती बातमी. दगड चोरीला गेला होता.

"काल दुपारी," दवाखान्याची सिस्टर म्हणाली. "सगळी वस्ती शाळेच्या शेडमध्ये सभेला बसली होती. तेवढ्यात कुणीतरी डाव साधला."

बाईंनी नुसती मान हलवली. गुडघे ठणकत होते. खनिज खात्यात त्यांची उभी हयात गेली होती, आणि निवृत्ती तोंडावर आलेली असताना या कोपऱ्यात त्यांना धाडलं गेलं ते यायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. प्रकरण तसं साधं होतं. खाली धरण होणार होतं, ही वस्ती पाण्याखाली जाणार होती आणि माणसांना दूर नव्या जागी हलवणार होते. अशातच वाळू उपसणाऱ्या एका माणसाला नदीत एक हिरवा दगड सापडला. फोटो खात्यात पोचला आणि कुणीतरी शब्द उच्चारला, जेड, म्हणजे दागिन्यांचा मोलाचा हिरवा दगड. नदीच्या वरच्या अंगाला जेडची खाण असेल तर पाहणी होईपर्यंत धरणाला हात लावता येत नाही, असा नियम. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, या वस्तीला तर पाच वर्षांच्या पोराएवढा जड दगडच सापडला होता.

तो सिस्टरच्या औषधांच्या खोलीत ठेवला होता, कारण वस्तीत कुलूप असलेली खोली तेवढीच. आता फळीवर सलाईनची खोकी होती, कापसाचे गठ्ठे होते, आणि मधोमध धुळीत एक गोल मोकळी जागा.

खिडकीच्या कट्ट्यावर ठेचलेलं कुलूप पडलं होतं. बाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. पितळ चेपलं होतं, आकडा पिचकला होता. मग त्यांनी दाराची कडी पाहिली, कोयंडा पाहिला, कोयंड्याभोवतीचा निळा रंग पाहिला. रंग चांगला गुळगुळीत होता.

"किल्ली कुठे असते?"

"पुढच्या खोलीत, खिळ्याला. सगळ्यांना माहीत आहे."

"तुम्ही सभेत होता?"

"मला कुठली सभा? पलीकडच्या तीरावरची एक आजी आली होती, तापाने फणफणलेली. औषध दिलं आणि चाकाच्या खुर्चीत घालून तिच्या मुलांच्या होडीपर्यंत सोडून आले. परत येते तर हे असं."

सिस्टरच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. पण ते एका रात्रीच्या जागरणाचं नव्हतं. तसला थकवा बाई रोज आरशात बघत.

बाहेर अचानक गलका उठला. सिस्टर दाराकडे धावली आणि तशीच मागे वळली.

"बाई, लवकर चला. त्यांनी इंजिनिअरला शाळेच्या कोठीत कोंडलंय. दगड संध्याकाळपर्यंत मिळाला नाही, तर त्याला नदीत सोडणार म्हणतायत."

२

कोठीला एक खिडकी होती आणि खिडकीला गज. गजांमागे धरणाचा इंजिनिअर उभा होता. तरुण, किडकिडीत, चष्म्याची एक काडी मोडलेली.

"मॅडम, मी काल सभेत बोलत होतो! सगळ्या वस्तीसमोर! मी इकडे बोलत असताना तिकडे दगड कसा चोरेन?"

"माणूस पाठवून," बाहेरून कुणीतरी ओरडलं.

"माझ्याबरोबर माणूस कुठे आहे? पाणीसुद्धा मीच भरतो."

बाई गजांना टेकून उभ्या राहिल्या. उभं राहायचं जिवावर आलं होतं. "तो दगड तुम्ही पाहिला होता?"

"पाहिला होता म्हणजे? मला वाटलं, रंगीत काच आहे. म्हटलं एक तुकडा काढून बघू. माझी छोटी हातोडी मारली, तर हातोडीचंच टोक उडालं. दगडावर ओरखडा नाही. सगळे हसले मला. सिस्टर तेवढ्या नव्हत्या, त्या कुणाचं तरी बाळंतपण करायला गेल्या होत्या."

"दगड गेला तर फायदा तुमचाच आहे."

"आहे ना!" तो कळवळून म्हणाला. "तेच तर. सगळ्यात आधी संशय माझ्यावर येणार हे शेंबड्या पोरालाही कळतं, मग मला कळत नसेल? मी तर उलट तुमची वाट बघत होतो. तुम्ही तपासून सांगितलं असतंत, तर हो किंवा नाही, काहीतरी एक झालं असतं. मला दर आठवड्याला शिव्या खायचा कंटाळा आलाय."

बाईंना त्याची दया आली. खोटं बोलणाऱ्यांचा त्यांना कधीच कंटाळा आला नव्हता, ती तर रोजची भाकर. खरं बोलून कुणाचंच भलं होत नाही, याचा मात्र त्यांना अलीकडे फार कंटाळा येई.

"मला नदी दाखवा," त्या गर्दीकडे वळून म्हणाल्या. "दगड सापडला ती जागा."

गर्दीतून एक रापलेला माणूस पुढे आला. अंगावर फाटकी बंडी, केसांत वाळू.

"मी दाखवतो. पण बाई, आधीच सांगतो. काल माझाही घण चोरीला गेलाय."

३

त्याला सगळे वाळूशेठ म्हणत. वाळू उपसून त्याची कंबर वाकली होती, पण स्वतःचं म्हणावं असं छप्परही नव्हतं, म्हणून शेठ.

"इथे सापडला," तो म्हणाला. "मी ही जागा वर्षानुवर्षं उपसतोय. आणि हा वरच पडलेला, कुणी आणून ठेवल्यासारखा. आधी वाटलं साधा धोंडा. वाटेत येत होता म्हणून घण घातला. आपला काळा धोंडा दोन घावांत फुटतो. याच्यावर घण टण्णकन उडाला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. कडेची साल तेवढी उडाली, आत हिरवं. तेव्हाच म्हटलं, हे प्रकरण वेगळं."

बाई काठाकाठाने चालत राहिल्या. नदीतला एक एक गोटा काळा होता. कधीकाळी वाहून थिजलेल्या लाव्ह्याचा, एकाच जातीचा. होडीतून येतानाही दोन्ही तीरांवर त्यांनी तेवढंच पाहिलं होतं.

वळणापाशी वाळूशेठ ओरडला. "हा बघा माझा घण!"

घणाचा दांडा मधोमध मोडला होता. शेजारी एक मोठा काळा खडक होता आणि तो उभा चिरला होता. चीर ताजी, आतला भाग अजून स्वच्छ. बाई गुडघ्यांची समजूत घालत खाली बसल्या. खडकाच्या माथ्यावर, मधोमध, काहीतरी जड ठेवून ठोकल्याची खूण होती. कुणीतरी या खडकाची ऐरण केली होती. वरचा दगड फुटला नव्हता, खालची ऐरण फुटली होती.

चिरेत एक तपकिरी खपली अडकली होती. नदीतल्या दगडावर गंज चढून साल येते, अगदी तशी. बाईंनी ती नखाने खरवडली. नखाखाली पीठ आलं.

"काडेपेटी आहे?"

पेटलेली काडी लावताच खपली दगडासारखी गप्प बसली नाही. तिला बुडबुडे आले आणि प्लास्टिक जळल्याचा वास सुटला.

"हे काय हो?" वाळूशेठने नाक दाबलं.

"रसायनाचा डिंक," बाई म्हणाल्या. "त्यात दगडाची पूड कालवलेली."

उठताना त्यांची नजर वाटेवर गेली. दवाखान्यापासून इथवर मऊ वाळूत चाकांच्या खुणा आल्या होत्या आणि परतही गेल्या होत्या. बाईंनी जातानाच्या चाकोरीत बोट घातलं, मग येतानाच्या. दोन्हींत बोट सारखंच बुडालं.

त्यांनी बोटावरची वाळू पुसली.

"वाळूशेठ, या वस्तीत दगडाची नक्कल करता येईल असं कोण आहे?"

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... सिस्टरचे सासरे आहेत. पण बाई, आजोबा देवमाणूस आहेत हो."

४

म्हाताऱ्या कारागिराचं घर चढावर होतं, घडीव काळ्या दगडांचं. सांध्यात सुरीचं पातं जाऊ नये असं काम.

"हे मुलाने बांधलं," तो म्हणाला. "मी नुसते कोन बघितले."

मुलाचा फोटो भिंतीवर होता. कोपऱ्यात पायाने फिरवायची साण, तारेची करवत, पाणी गळायचा डबा. म्हातारा तरुणपणी दूरदेशी जेडच्या कारखान्यात होता, हे वाळूशेठने वाटेत सांगितलं होतं.

"आजोबा, जेड फोडतात कसा?"

म्हातारा हसला. "फोडतात कसा? फोडत नाहीत, बाई. झिजवतात. आत केसांहून बारीक तंतू असतात, एकमेकांत गुंतलेले, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखे. घण मारणारा थकेल, दगड नाही. आम्ही तारेने, वाळूने, पाण्याने त्याला महिनोन्महिने घासायचो. घाई असेल त्याने दुसरा धंदा बघावा."

"आणि तो मिळतो कुठे?"

म्हातारा साणेवरची धूळ पुसू लागला.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "जिथे समुद्राचा तळ डोंगराखाली रेटला गेला, चिरडला गेला, तिथे. तिथे त्याचा सोबती बहुतेक असतोच. सर्पेंटाइन, सापाच्या कातडीसारखा हिरवा, बुळबुळीत खडक. या नदीत तो औषधालाही नाही. लाव्ह्याच्या पोटी जेड जन्मत नाही, आजोबा. फोटो पाहिला तेव्हाच मला शंका आली होती. आज खात्री झाली." त्यांनी उरलेली खपली टेबलावर ठेवली. "दगडाला खिडकी होती ना? आतला रंग दिसावा म्हणून एका बाजूला साल घासून काढतात, ती?"

म्हाताऱ्याने खपलीला हात लावला नाही.

"निघताना उस्तादांनी दिला होता मला," तो हळूच म्हणाला. "खिडकीतून हिरवा दिसायचा, पण पूर्ण कापला कधीच नाही. आत काय निघेल कोण जाणे. झाकली मूठ सव्वा लाखाची. घासलेली खिडकी दिसली असती तर माणसाचा हात कळला असता, म्हणून ती बुजवली आणि नदीत ठेवून आलो. कुणाला लुबाडायचं नव्हतं. या घरात मुलगा वाढला. त्याने हे बांधलं. तो गेल्यावर याच्या भिंतींना हात लावून मी दिवस काढले. त्यावर पाणी चढलेलं मला बघायचं नव्हतं, एवढंच."

"मुलगा कसा गेला?"

"आतडं फुटलं पोटात. नदीला पूर होता, होडी घालता येईना. काठावरच गेला. सून शेजारी बसलेली, सगळी सुईऔषधं हाताशी, आणि काही करता येईना."

बाईंनी डोळे मिटले. आता चित्र पूर्ण झालं होतं, आणि झालं नसतं तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

"पण बाई, शपथेवर सांगतो," म्हातारा म्हणाला, "मी तो चोरला नाही. मग चोरला कुणी?"

"चला माझ्याबरोबर," बाई उठत म्हणाल्या. "तुम्ही नव्हे, हे मघाशी तुम्हीच सिद्ध केलंत. आणि कोण, तेही."

५

सिस्टर सुया उकळत होती. सासऱ्यांना बाईंबरोबर बघून तिचा हात थबकला.

बाई बाकावर बसल्या. अखेर बसायला मिळालं होतं, पण आता त्याचं सुख नव्हतं.

"सिस्टर, चोराने तो दगड फोडायचा प्रयत्न केला. म्हणजे जेडवर घण चालत नाही हे त्याला माहीत नव्हतं. वाळूशेठला माहीत होतं, त्याचे खांदे अजून दुखतायत. इंजिनिअरला माहीत होतं, त्याची हातोडी मोडली होती. सभेला जमलेल्या सगळ्यांना माहीत होतं, कारण हातोडी मोडली त्या दिवशी सगळे त्याला हसले होते. आजोबांना तर तरुणपणापासून माहीत आहे. तेव्हा हजर नव्हतं असं एकच माणूस, बाळंतपण करायला गेलेलं."

पाणी उकळत राहिलं.

"कुलूप कडीला असताना ठेचलं असतं, तर एखादा तरी घाव दारावर पडला असता. दाराचा रंग शाबूत आहे. म्हणजे आधी किल्लीने उघडलं आणि मग जमिनीवर ठेवून ठेचलं. दुसरा कुणी चोर असता, तर किल्ली घेऊन दगड नेला असता आणि कुलूप पुन्हा लावून गेला असता, आळ आपोआप तुमच्यावर आला असता. कुलूप फोडल्याचा देखावा करायची गरज फक्त तुम्हाला होती."

"आणि तुमची ती आजी. तिला होडीत बसवून रिकामी खुर्ची परत आणली असती, तर येतानाची चाकोरी उथळ असती. ती जातानाइतकीच खोल आहे. जे ओझं नदीवर गेलं तेच परत आलं. म्हणजे दगड इथेच आहे."

सिस्टरने स्टोव्ह बंद केला. कोपऱ्यात एक घमेलं होतं, रुग्णांच्या घाण चादरी भिजत घातलेलं. तिथे कुणी हात घातला नसता. तिने बाह्या वर केल्या, चादरी बाजूला सारल्या आणि दोन्ही हातांनी तो वर काढला. एका बाजूची साल घावांनी उडाली होती आणि आतून ओला, खोल हिरवा रंग बघत होता.

"नदीत का नाही टाकला?" बाईंनी विचारलं.

"नदीत तर सापडला होता ना! वाळूशेठने पुन्हा काढला असता." ती खाली बसली. "तुम्ही येणार, जेड म्हणणार, धरण थांबणार. आणि मी इथे आणखी किती जणांना काठावर बसून मरताना बघू? तिकडे रस्ता आहे, बाई. हॉस्पिटल आहे. माझ्या नवऱ्याला साधी मोटार मिळाली असती तरी तो..." तिने ओल्या हातांनीच तोंड झाकलं. "थकले मी. मला इथून जायचं होतं. सगळ्यांना घेऊन जायचं होतं."

"तुम्ही नुसत्या गप्प बसला असतात तरी चाललं असतं," बाई म्हणाल्या. हे सांगणं क्रूर होतं, पण न सांगणं त्याहून क्रूर झालं असतं. "हा दगड या नदीचा नाही, हे मी आज तसंही सांगणारच होते."

सिस्टरने मान वर केली. "नदीचा नाही? मग कुठून आला?"

दारात उभ्या म्हाताऱ्याने घसा साफ केला. आणि त्याच वेळी बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. कोठीचं दार उघडलं होतं.

६

इंजिनिअरला त्यांनी उतारापर्यंत आणलं होतं. चष्मा केव्हाच पडला होता. गर्दी थांबली ती चाकाच्या खुर्चीच्या करकरीने. खुर्चीत दगड होता. ती ढकलत म्हातारा येत होता, मागे सिस्टर, आणि सगळ्यांत मागे लंगडत बाई.

"सोडा त्यांना," म्हातारा म्हणाला. "दगड माझा आहे. परदेशातून आणलेला. नदीत मीच ठेवला, आणि तपासात बिंग फुटेल म्हणून मीच उचलला. या साहेबांचा काही संबंध नाही."

सिस्टर पुढे झाली. "बाबा, असं..."

"तू मध्ये बोलू नकोस. तुला मी काही सांगितलं नव्हतं."

सगळे बाईंकडे बघायला लागले. "बाई, खरं का हे?"

बाईंना सिस्टरचा चेहरा दिसत होता आणि म्हाताऱ्याची खुर्चीवर घट्ट आवळलेली बोटंही.

"दगड या नदीचा नाही, हे खरं," त्या म्हणाल्या. "वर जेडची खाण नाही, हेही खरं. बाकीचं माझ्या खात्यात येत नाही."

मग वाळूशेठ म्हणाला, "म्हणजे आजोबा, तुम्ही मला मूर्ख बनवलंत?"

"हो रे बाबा."

"सांगायचं तरी. मी जरा खोल पुरला असता."

एकदोघं हसली, पण ते हसू लगेच विरलं. कुणी भांडलं नाही. कुणीतरी इंजिनिअरचा चष्मा शोधून दिला, कुणी त्याच्या शर्टावरची वाळू झटकली. वस्तीतल्या एका बाईने त्याला विचारलं, "तिकडे हॉस्पिटल खरंच आहे ना हो?" तो म्हणाला, "बांधकाम चालू आहे," आणि मग तिच्या नजरेला नजर देत म्हणाला, "मी स्वतः जाऊन बघतो." माणसं आपापल्या घराकडे वळली, लांबच्या प्रवासाहून आल्यासारखी.

परतीची होडी यायला वेळ होता. बाई दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसल्या. पायरीवर सासरा आणि सून बसली होती, मध्ये थोडं अंतर ठेवून. बाई आहेत याची त्यांना पर्वा नव्हती, किंवा भानच नव्हतं.

"मला विचारायचं होतंस," म्हातारा म्हणाला.

"तुम्ही हो म्हणाला असतात?"

"नाही."

"आणि तुम्ही मला विचारलंत?"

तो नदीकडे बघू लागला. नदीवरून वारा येत होता. सिस्टर म्हणाली, "नव्या जागी तळमजला मागून घेऊ. जिने तुम्हाला झेपायचे नाहीत."

"तिथून नदी दिसेल?"

"नाही, बाबा."

"बरं," तो म्हणाला.

उठायला त्याने काठी चाचपली. ती घरीच राहिली होती. सिस्टर जवळ सरकली आणि तिने खांदा पुढे केला. त्यावर हात ठेवून म्हातारा उभा राहिला, आणि दोघं चढाच्या वाटेला लागली, तिच्या नव्हे, त्याच्या चालीने.

खालून होडीवाल्याने हाक मारली. बाईंनी ती ऐकली, पण त्या लगेच उठल्या नाहीत.